धारूरचा रडका डबा

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी एक वाईट बातमी द्यावी लागायची. ती अशी, की बाबा रे, तू घेतोयस ते यंत्र तुला वीज देणार नाही, फक्त वेळ देईल. पंधरा मिनिटं, फार तर वीस. तेवढ्यात केलेलं काम कॉम्प्युटरच्या पोटात नीट ठेवायचं, कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा आणि लाइट येईपर्यंत निवांत चहा प्यायचा. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. "म्हंजे? ट्रॅक्टरएवढी बॅटरी, अन् पंधरा मिनिटं? मग घ्यायची कावून?"

या 'कावून'चं उत्तर देण्यात माझी हयात गेली आणि खरं सांगतो, मजेत गेली.

वडवणीला एसटी स्टँडसमोर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांच्या बॅटऱ्या रांगेत लावून ठेवायच्या, पाणी बघायचं, चार्जिंगला टाकायच्या. क्रिकेटची मॅच असली की खेड्यापाड्यांतून लोक बॅटऱ्या डोक्यावर घेऊन यायचे, कारण लाइट नसली तरी छोटा टीव्ही बॅटरीवर चालतो हे ज्ञान आमच्या भागात शाळेआधी पोहोचलं होतं. मग नव्वदनंतरची ती वर्षं आली. देशाची दारं उघडली असं पेपरात यायचं. आमच्याकडे त्या दारातून आधी रंगीत टीव्ही आला, मग एसटीडीचे पिवळे बोर्ड आले, आणि मग एक दिवस कुणाकुणाच्या घरात कॉम्प्युटर येऊन बसला. वीज तेवढी त्या दारातून यायची विसरली. ती पूर्वीसारखीच मनात आलं की जायची आणि मनात आलं की यायची.

मी औरंगाबादला जाऊन यूपीएस जोडायचं काम शिकून आलो. हा प्रकार दिसतो अवघड, पण आहे सोपा. एक लोखंडी डबा आणि एक बॅटरी. लाइट असते तेव्हा डबा बॅटरीला पाजत राहतो. लाइट गेली की डब्यात 'टक्' असा आवाज होतो आणि कॉम्प्युटर बॅटरीवर चालू लागतो. हे इतकं झटकन होतं की कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. माणसाला मात्र लागायला पाहिजे, म्हणून डबा 'पीं... पीं...' असा ओरडतो. आधी सावकाश ओरडतो, बॅटरी संपत आली की घाईघाईनं. ती घाई ऐकूनही जो काम करत बसतो, त्याचं काम जातं. एवढंच शास्त्र. पण डब्यात शिरणारी वीज शास्त्रानं चालते आणि डब्याभोवतीची माणसं आपापल्या स्वभावानं, म्हणून माझ्या धंद्यात करमणूक भरपूर.

गेवराईकडच्या एका पुढाऱ्यानं माझ्याकडून मोठा यूपीएस नेला. कॉम्प्युटर दिवाणखान्यात, झालरीच्या कव्हराखाली. दोन महिन्यांनी गेलो तर कव्हरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. डबा मात्र रोज कामावर होता. लाइट गेली की साहेबांच्या दाराबाहेरचा दिवा तेवढा त्याच्यावर जळत राही. मी म्हटलं, साहेब, हा कॉम्प्युटरसाठी आहे. ते म्हणाले, "मिस्त्री, गावात अंधार झाला तरी आपल्या दारात उजेड हाय, हे लोकांला दिसाया पायजे. कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात!" त्यांची एकच तक्रार होती. तो आवाज बंद करा, पाहुण्यांना वाटतं घरात काहीतरी बिघडलंय.

तिकडच्याच एका भाविक गृहस्थांना मी बजावून आलो होतो, की बॅटरीत साधं पाणी घालायचं नाही, अगदी शुद्ध पाणी पाहिजे. त्यांनी शब्दाला जागून गोदावरीवरून तांब्या भरून आणला, नमस्कार केला आणि सहाही भोकांत थोडं थोडं ओतलं. बॅटरी महिनाभरात मेली. मी दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर दाखवलं, तेव्हा ते दुखावून म्हणाले, "गंगेच्या पाण्यापरीस ही बाटली शुद्ध व्हय?" मी नवी बॅटरी बसवली आणि पाणी घालायचं काम स्वतःकडे घेतलं.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. पण एकाच घरची गोष्ट सांगायची असेल, तर मी धारूरच्या आप्पांच्या घरची सांगेन.

आप्पांचं धारूरच्या बाजारात किराणा-भुसाराचं दुकान. घर शिवभक्त. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चूल पेटायची नाही. आप्पा माणूस सरळ, पण कडक. घरातला टेलिफोन त्यांनी लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवला होता आणि किल्ली कायम त्यांच्या कमरेला. त्यांची बायको गिरजामावशी उंचनिंच, कामाला वाघ, बोलायला कमी. अक्षरओळख अजिबात नाही. मुलगा मन्मथ दुकानात बसायचा. तो वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता आणि बायकोच्याही नव्हता, त्यामुळे बिचारा बराच वेळ गप्पच असायचा.

त्याची बायको शोभा अंबाजोगाईची. लग्नाआधी ती कॉम्प्युटरवर मराठी अक्षरजुळणी शिकली होती आणि माहेरहून येताना तिनं कॉम्प्युटर बरोबर आणला होता. घरबसल्या लग्नपत्रिका करायच्या, हा तिचा बेत. मजकूर जुळवायचा, वर गणपती, खाली वेलबुट्टी, मग सगळं फ्लॉपीत भरून ती फ्लॉपी साबणाच्या डबीत घालून एसटीनं बीडच्या छापखान्यात पाठवायची. पोरीच्या हाताला वळण होतं. धारूर तालुक्यात तोवर सगळ्या पत्रिका एकाच ठशाच्या असत. शोभाची पत्रिका निराळी उठून दिसायची आणि लोक विचारायचे, ही कुठनं केली?

आप्पांना हे सारं पटलेलं नव्हतं. बोलणी करून त्यांनी एक मुदत दिली होती. "ही एक लगीनसराई बघू. जमलं तर ठीक. न्हाई तर माझ्या भाच्याचा अंबाजोगाईला क्लास हाय, त्याला देऊन टाकू. घरात इनाकारन जागा अडवून ठिवायची न्हाई." शोभाला त्या घरात स्वतःचं म्हणता येईल असं एवढंच होतं. यंत्र गेलं असतं तर त्याच्याबरोबर तिचं नावही गेलं असतं, हे ती जाणून होती.

तुळशीचं लग्न झालं आणि मी बॅटरी घेऊन धारूरला निघालो. एसटीच्या कंडक्टरनं मला अडवलं. "काय हाय बे हे? ॲसिड? घाटात हिसका बसला तर लोकांचे पाय जाळशील!" शेवटी बॅटरी टपावर दोरीनं बांधली आणि धारूरचा घाट चढेपर्यंत मी प्रत्येक वळणाला मान बाहेर काढून वर बघत राहिलो. बाकीचे प्रवासी डोंगर बघत होते.

शोभाची खोली लहान. डब्याची घुरघुर आणि बॅटरीचा वास नको म्हणून आप्पांनी दोन्ही मधल्या घरात ठेवायला लावलं. भिंतीला भोक पाडून वायर शोभाच्या खोलीत नेली. मधलं घर म्हणजे गिरजामावशींचं राज्य. डाळी निवडणं, वाती वळणं, दुपारी जरा पाठ टेकणं, सगळं तिथंच. तिथं दुकानातला एक जुना उभा पंखाही होता, लोखंडी पात्यांचा. तो सुरू होताना आधी कण्हायचा, मग घुरघुरायचा आणि मग एकदम असा वारा सोडायचा की डाळीची फोलकटं दारापर्यंत जायची.

सगळं जोडून झाल्यावर मी मावशींना हात जोडून म्हटलं, "मावशी, हा आता तुमच्या ताब्यात. एकच लक्षात ठेवा. लाइट गेल्यावर हा काम करतो, अन् काम करताना तापतो. याच्यावर कपडे-बिपडे टाकू नका. गुदमरू देऊ नका. याला वारा लागला पाहिजे."

मावशींनी नुसती मान हलवली. पण ऐकलं मात्र नीट. नको इतकं नीट.

थंडीचे महिने सुखात गेले. लाइट जायची, डबा ओरडायचा, शोभा काम आटोपून कॉम्प्युटर बंद करायची. ऊन तापायला लागलं, लग्नाच्या तारखा दाटल्या, आणि धारूरहून निरोप यायला लागले. डबा दगा देतोय. लाइट गेली की मिनिटभर चालतो आणि सगळंच बंद पडतं. कॉम्प्युटर असा तडकाफडकी मेला की आत उघडं असलेलं काम जातं, कधीकधी आधी ठेवलेलंही नासतं. शोभाच्या दोन पत्रिका अशा पुसल्या गेल्या. पत्रिका उशिरा मिळाल्या म्हणून आप्पांचे दोन सोयरे रुसले.

मी घाट चढून गेलो. भिंतीवरचं मेन बटण बंद केलं आणि घड्याळ लावून बसलो. डबा शहाण्या पोरासारखा वीस मिनिटं चालला. आप्पा माझ्याकडे बघत होते. मी डब्याकडे बघत होतो. "तुमी आले की नीट चालतंय," आप्पा म्हणाले, "मग तुमालाच इथं ठिवून घेऊ का?"

दुसऱ्या खेपेला बॅटरी बदलून पाहिली. तिसऱ्या खेपेला डब्यातला तो 'टक्' करणारा खटका, रिले, बदलला. माझ्यासमोर डबा दर वेळी उत्तम चालायचा आणि माझी एसटी घाट उतरली की पुन्हा आडवा पडायचा. मी बॅटरीच्या धंद्यात डोक्याचे केस पिकवलेले, पण या डब्यापुढे हात टेकले.

त्या तिसऱ्या खेपेला मी निघताना शोभा दारापर्यंत आली. आवाज अगदी खाली. "मिस्त्रीभाऊ, डबा चांगला आहे तुमचा. तो कुणीतरी बंद करतंय."

"कोण?"

तिनं मधल्या घराकडे नुसतं पाहिलं. "लाइट गेली की तिकडं पावलं वाजतात. मग काहीतरी घुरघुरतं, अन् लगेच सगळं बंद. मी धावत जाऊन बघते तर आत्याबाई तिथं बसलेल्या असतात, तोंड पाडून. मी काही विचारत नाही. काय विचारू? त्यांना हे घरात नकोच होतं पहिल्यापासून." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "अक्षय तृतीयेच्या सामुदायिक विवाहाची पत्रिका मिळालीय मला. इतकी जोडपी, इतक्या गावांची नावं. ती जर गेली ना, तर मामंजी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बांधून ठेवतील."

सासू-सुनेच्या मधल्या तारेला हात लावायचं शिक्षण मला औरंगाबादला दिलं नव्हतं. मी "बघू" म्हणालो आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात आप्पा आतून म्हणाले, "एवढ्या उन्हाचं कुठं निघालात? एसटीला येळ हाय. बसा, ताक घ्या." म्हणून मी पुन्हा ओसरीवर टेकलो. शोभा तिच्या खोलीत कामाला बसली. ताकाचा पेला तोंडाला लावतोय तोच लाइट गेली. ही खरीखुरी गेलेली लाइट होती, मी बटण दाबून घालवलेली नव्हती. मधल्या घरातून आवाज यायला लागला. पीं... पीं...

आणि पावलं वाजली.

मी पेला ठेवला आणि दाराशी गेलो. पाहतो तर गिरजामावशी तो जुना पंखा दोन्ही हातांनी ओढत डब्यासमोर आणत होत्या. पंखा जागेवर आला. मावशी खाली वाकल्या, पंख्याचा प्लग भिंतीतून ओढून काढला आणि डब्याच्या मागच्या मोकळ्या भोकात, ज्याला मी हात लावायला कुणाला सांगितलं नव्हतं, त्यात बरोबर खुपसला. पंखा कण्हला, घुरघुरला, आणि टक्! पंखा बंद, डबा बंद, पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटर बंद. मावशींनी हळहळून "चक्" केलं, खांद्यावरचं ओलं फडकं काढलं आणि डब्याच्या कपाळावर ठेवायला निघाल्या.

"मावशी!" मी इतक्या जोरात ओरडलो की आप्पांच्या हातचं ताक सांडलं. "पाणी नको! शॉक बसंल!"

मावशी दचकून मागं सरल्या. फडकं तसंच हातात. "अवो, तापलंय न्हवं हे," त्या म्हणाल्या. "हात लावून बघा. थंडीत गार असायचं, आता लाइट गेली की तापतंय अन् रडाया लागतंय. तुमीच सांगितलं व्हतं, वारा लागला पायजे म्हनून. म्या वारा घालायला गेले की तवर ह्याचा जीवच जातोय. लई येळा झालं असं. माजा हातच पोचत न्हाई बगा येळंवर."

भिंतीत लाइट नव्हती. मग वारा घालायचा कसा? जिथं लाइट आहे तिथून. मावशींनी सरळ विचार केला होता. त्या डब्याच्याच पोटातली वीज काढून डब्यालाच वारा घालत होत्या. तो जुना पंखा सुरू होताना एवढी ओढ घ्यायचा, की डब्याला ती सोसायची नाही आणि डबा स्वतःला वाचवायला सगळंच बंद करून टाकायचा. लाइट आली की मावशी प्लग पुन्हा भिंतीत लावायच्या. मी तपासायला बसलो की परक्या माणसापुढे कशाला यायचं, म्हणून स्वयंपाकघरात राहायच्या. माझ्यासमोर डबा का सुधारायचा, ते मला तेव्हा कळलं.

मला आधी हसू फुटलं. मग वळून पाहिलं तर शोभा दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही याला वारा घालत होतात?"

"मग काय करू? तुजं काम बुडाया लागलं की तू तिकडं कशी गप बसतीस, दिसतंय न्हवं मला. म्हनलं हे जगलं तर तुजं काम जगंल." आणि मग जरा रागानं, "सांगायची का न्हाई तू, काय चुकतंय ते?"

शोभा पुढं झाली आणि सासूच्या हातातलं ते ओलं फडकं तिनं काढून घेतलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोघींनी एकमेकींना काहीच विचारलं नव्हतं, आणि त्या न विचारण्यात उन्हाळ्याचे निम्मे दिवस आणि दोन पत्रिका गेल्या होत्या. आप्पा सांडलेलं ताक पुसत म्हणाले, "मिस्त्री, ह्यात बिघाड डब्याचा का मानसांचा?" मला इतका आनंद झाला होता की मी म्हटलं, "आप्पा, बिघाड माझ्या तोंडाचा. वारा म्हणालो ना मी!"

मग मी मावशींना डब्यासमोर बसवून सांगितलं. हा रडत नाही, हाक मारतो. म्हणतो, माझ्यात दम आहे तोवर आवरून घ्या. सावकाश ओरडला तर सवड आहे, घाईनं ओरडला तर नाही. वारा नको, पाणी नको, फक्त शोभाला हाक द्या. मावशींनी विचारलं, "अन् शोभी घरात नसली तर?" मी म्हटलं, मग मला फोन करा. बोलण्याच्या भरात म्हटलं. मावशींच्या ऐकण्याची पद्धत मला एव्हाना कळायला हवी होती.

अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, दुकानातला फोन वाजला.

"मिस्त्री, मी आप्पा बोलतोय. डब्याची हाक आली." आवाज आप्पांचा, पण त्यामागून मावशींचा आवाज माझ्या कानाचा पडदा फाडत होता. "सांगा त्यास्नी, शोभी गावात गेलीय! काम उघडं हाय!"

सामुदायिक विवाहाची पत्रिका त्या दिवशी संपत आली होती. सकाळपासून शोभानं नावं दुरुस्त केली होती, काही गावांची नावं खात्रीनं विचारून यायला ती विवाह भरवणाऱ्या पुढाऱ्यांच्या घरी गेली होती, आणि पडद्यावर सगळं तसंच उघडं होतं. ते न ठेवता डबा बंद पडला तर सकाळची मेहनत जाणार, नशीब फिरलं तर सगळी पत्रिकाच नासणार. आणि फ्लॉपी संध्याकाळच्या एसटीनं बीडला जायची होती. बायकोच्या ओरडण्यानं आप्पांनी कमरेची किल्ली काढून फोनची पेटी उघडली होती.

"आप्पा, डबा कसा ओरडतोय? सावकाश का घाईनं?"

"सावकाश! ... न्हाई, आता जरा वाढलं."

"मावशींना कॉम्प्युटरसमोर बसवा."

"बसलीय कवाच. मी फोन हितून सोडू शकत न्हाई, वायर आखूड हाय. मी हितून वरडतो, तुमी सांगा."

मी वडवणीत, आप्पा ओसरीवर, मावशी आतल्या खोलीत. मधे धारूरचा घाट आणि एक आखूड वायर. मी सांगितलं, बटणांच्या पाटीवर डाव्या हाताला सगळ्यात खालचं कोपऱ्यातलं बटण, ते डाव्या हाताच्या बोटानं दाबून धरायचं. सोडायचं नाही.

"डावीकडं खाली! कोपऱ्यात! दाबून धर!" आप्पांचा आवाज. "अगं उजवं न्हवं, डावं! जेवताना कंचा हात वापरीत न्हाईस, तो!"

आतून काहीतरी उत्तर आलं. आप्पा फोनवर म्हणाले, "धरलंय म्हनतीय. अन् मला गप बस म्हनतीय."

आता पुढचं बटण. इंग्रजीतलं एस. मावशींना मराठी अक्षरही येत नाही, इंग्रजी कुठून सांगू? डब्याचं ओरडणं मला फोनमधून ऐकू यायला लागलं होतं. पीं-पीं, पीं-पीं. आणि मला एकदम सुचलं.

"आप्पा, मावशींना म्हणावं, मधल्या ओळीत डावीकडं नागोबा आहे. पाटावर नागपंचमीला काढतात तसा, वळसे घेतलेला. त्याच्यावर बोट ठेवायचं, एकदाच. पहिलं बटण सोडायचं नाही."

"नागोबा! मधल्या वळीत! डावीकडं! सापडला का?"

पलीकडून फक्त पीं-पीं-पीं-पीं. माझ्या दुकानात एक ट्रॅक्टरवाला बॅटरी घ्यायला आला होता, तो माझ्या तोंडाकडे बघून खुर्चीच्या काठावर टेकला.

मग आप्पा ओरडले, "सापडला म्हनतीय! दाबला!"

"पडद्यावर काय झालं?"

"काय झालं गं? ... म्हनतीय खाली एक बारीक पट्टी भरत गेली, निळी. भरली अन् गेली."

आणि तेवढ्यात फोनमधला आवाज थांबला. डबा बंद पडला होता. पट्टी आधी भरली की डबा आधी गेला, ते मला वडवणीत बसून सांगता येत नव्हतं. आप्पांनीही घाईनं फोन ठेवला. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "कोन अत्यवस्थ हाय का?" मी म्हटलं, "हाय. इतकी लग्नं हायेत."

ती दुपार मी कशी काढली ते विचारू नका. बॅटऱ्यांचं पाणी बघताना एका बॅटरीत दोनदा पाणी घातलं. ऊन कलल्यावर फोन वाजला. या वेळी शोभा होती. आधी नुसती हसत होती. लाइट आल्यावर तिनं कॉम्प्युटर लावला होता आणि सगळी नावं, सगळी गावं जागच्या जागी होती. फ्लॉपी साबणाच्या डबीत बसून एसटीनं निघाली होती. मागून मावशींचा आवाज आला, "मिस्त्रीभाऊला म्हनावं, वारा घातला न्हाई बरं का!" माझ्या जिवात जीव आला. मी दुकानात त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला.

सामुदायिक विवाहाच्या दोन-तीन दिवस आधी आप्पा स्वतः घाट उतरून माझ्या दुकानी आले. धोतर, टोपी, कपाळावर भस्म, हातात पत्रिका आणि रुमालात बांधलेल्या अक्षता. रीतीप्रमाणे अक्षता माझ्या हातावर ठेवून त्यांनी आमंत्रण दिलं. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "एक मोठी बॅटरी बघा. अर्धा तास तरी चालली पायजे. आमच्या घरचा फोन लांब हाय."

"म्हणजे कॉम्प्युटर भाच्याकडं जात नाही तर?"

"कुठं जातोय? सासू-सुनेच्या ताब्यात हाय आता. मी बाहेर काढाया गेलो तर मलाच काढतील दोघी मिळून." मग त्यांनी पत्रिका उलटी केली आणि अगदी खाली, जिथं छापखान्याचं नाव असतं, तिथं बोट ठेवलं. बारीक अक्षरांत छापलं होतं: अक्षरजुळणी, सौ. शोभा आणि सौ. गिरजाबाई, धारूर.

आप्पांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "इतकी वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले, "पन तिचं नाव छापल्यालं मी बी पहिल्यांदा बघतोय. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत बी नुसतं 'यांची कन्या' व्हतं." त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. मीही तोंड फिरवून बॅटरीचं टोपण घट्ट करत बसलो, जे आधीच घट्ट होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग मावशी काय म्हणाल्या नाव बघून?"

आप्पा हसायला लागले. डोळे पुसत हसत राहिले.

"शोभानं तिचं बोट धरून त्या वळीवर ठिवलं. हे तुमचं नाव, म्हनली. हिनं वाकून वाकून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. अन् म्हनली, ते खरं गं, पर ह्यात माजा नागोबा कुठं हाय?"